अनुभव धागा: माप, माती आणि मेणबत्ती

पेटीवाला, सदर, नागपूर (धागाकर्ता)

जय ख्रिस्त मंडळी. शवपेटी हा शब्द कुणी उच्चारत नाही. रात्री दोनला फोन येतो, "भाऊ, एक पेटी लागते," आणि मागे रडणं ऐकू येतं. वडील सुतार होते, बल्लारशाच्या सागाच्या पेट्या करायचे. आता साग परवडत नाही, प्लायच्याच जास्त जातात. आत कापसाची गादी, त्यावर पांढरं साटन, झाकणावर क्रूस. शिवाय आंघोळ, कपडे, फ्रीझर, गाडी, जरीपटक्याच्या कब्रस्तानात खड्डा, चर्चच्या रजिस्टरात नोंद, 21 दिवसांच्या आत मनपाकडे मृत्यूची नोंद, हे सगळं आम्हीच बघतो.

भीती वाटत नाही का, असं लोक विचारतात. मला अरिमथाईकर योसेफ आठवतो. येशू क्रूसावर गेला, शिष्य पांगले होते, तेव्हा रोमी सुभेदार पिलाताकडे जाऊन प्रभूचा देह मागून घेणारा तो. सोबत निकदेम, गंधरस आणि अगरू घेऊन आलेला. तिसऱ्या दिवशी काय घडणार, याची त्या दोघांना कल्पना नव्हती. तरी त्यांनी तागाचं कापड नीट गुंडाळलं. पुनरुत्थानावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण कापडाची घडी घालताना मला ती दोघंच जवळची वाटतात.

एक चूक सांगतो. मुलाने फोनवर वडिलांची उंची सांगितली, मी माप घ्यायला गेलो नाही. आयत्या वेळी मोठी पेटी घ्यावी लागली आणि खड्डेवाल्यांना कळवायचं राहून गेलं. जुलै महिना, तीन दिवसांची झड. दोर सोडत पेटी खाली नेली, तर ती खांद्यापाशी अडकली. वर काढून खड्डा रुंद करायला पाऊण तास लागला, काळी माती सारखी घसरत होती. पाळकसाहेबांनी गाणं थांबवलं नाही, एकामागून एक गीत चालूच ठेवलं. आणि त्या माणसाची बायको पुढे आली, खड्ड्यात उतरलेल्या पोरावर स्वतःची छत्री धरून उभी राहिली. मी माफी मागायला गेलो तर म्हणाली, "त्यांना आता घाई नाही, भाऊ."

तेव्हापासून टेप खिशात असतो. माप मीच घेतो.

कुणाला शेवटचं पोचवताना जे पाहिलं, जे हातून झालं किंवा राहिलं, ते इथे लिहा. कुठल्याही धर्माचे असा.

रात्रपाळी

मी नर्स आहे. डोळे मिटवते, हनुवटीला पट्टी बांधते, नाकाकानात कापूस. बायामाणसांची वेणी घालते, हे कुठल्याच नियमात नाही. एकदा एका आजींचे केस विंचरताना त्यांची सून दारात येऊन थांबली. काही बोलली नाही, पर्समधून त्यांचा कंगवा काढून दिला. माझ्या हातातला हॉस्पिटलचा होता.

इंदोरा

आम्ही बौद्ध. शेजारचे सर ख्रिस्ती, त्यांनी मला दहावीचं गणित एक रुपया न घेता शिकवलं. ते गेले तेव्हा पहिल्यांदाच दफनविधी पाहिला. मूठमाती देणं हे आपण सवयी सोडताना, भांडणं मिटवताना म्हणत असतो. त्या दिवशी खरंच मूठभर माती हातात आली, ओली, थंड. लाकडावर पडल्यावर तिचा जो आवाज झाला, तो कितीतरी रात्री ऐकू येत होता. नखांतली माती मी दुसऱ्या दिवशीपर्यंत काढली नाही.

काटोल रोड

शाळेत इतिहास शिकवतो. दरवर्षी मुलांना नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं, म्हणजे गोलात मांडलेले मोठे दगड, दाखवायला नेतो. ही महापाषाण काळातली दफनं, मृतासोबत लोखंडी हत्यारंही पुरलेली. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1863 मध्ये टाकळघाटची अशीच वर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडाले. 1883 मध्ये सुरू झालेल्या हिस्लॉप कॉलेजात मी शिकलो, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. यंदा एक मुलगी त्या दगडांपाशी चप्पल काढून उभी राहिली. तिची आई फेब्रुवारीत गेली. मी पुढचं सांगणं थांबवलं.

तिसरा मुलगा

एप्रिल 2021. परवानगी वीस जणांची, आम्ही तिघंच होतो. बाबा प्लास्टिकमध्ये बांधलेले, चेहरा दिसला नाही. अजूनही स्वप्नात ते पाठमोरेच असतात. पीपीई किटमधल्या एकाने दोर सोडून झाल्यावर माझा हात धरला आणि पेनने तळहातावर कबरीची रांग आणि नंबर लिहिला. म्हणाला, "दगड बसेपर्यंत सगळ्या सारख्याच दिसतील, दादा." हात धुण्याआधी मी त्याचा फोटो काढून ठेवला. तो माणूस कोण, मला आजही माहीत नाही.

पेटीवाला, सदर

आमच्यातलाच कुणीतरी असणार. त्या महिन्यात आम्ही सगळेच पेन खिशात ठेवत होतो.

2 नोव्हेंबरला, आमच्या मृतांच्या स्मरणदिनी, दुपारनंतर मी जरीपटक्याला असतो. ज्यांच्या घरचं कुणी येऊ शकत नाही, त्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावतो. बाहेरगावी असलेल्यांनी रांग आणि नंबर कळवा. पावसाळ्यानंतर गवत कमरेएवढं होतं, विळा मी आणतो.