परदेशातल्या एखाद्या अतरंगी बारमधली मित्रांसोबतची संध्याकाळ : तुमचे अनुभव लिहा

सुरुवात मी करते. आम्ही चार मैत्रिणी बेल्जियममधल्या गेंट शहरात होतो. तिथे व्रायडाखमार्क्ट या चौकात 'डुले ग्रीट' नावाचा बार आहे. त्यांचा १.२ लिटरचा मोठा ग्लास मागवला की आधी पायातला एक बूट काढून द्यावा लागतो. लोक ग्लास पळवून न्यायचे, म्हणून बूट तारण ठेवायचा! आमचे दोन बूट एका टोपलीत पडले आणि ती टोपली दोरीने सरसर वर, थेट छताला. ग्लासचं बूड गोल, त्यामुळे तो लाकडी स्टँडवरच उभा राहतो. उंच मानेच्या त्या ग्लासातून पिताना हवा आत शिरते आणि बिअर भसकन तोंडावर येते. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी खुणेनेच शिकवलं: ग्लास हळूहळू फिरवत प्यायचा. आम्ही दोघीदोघींत एक असा तो दोन तास पुरवला. नोकरी-संसारात दहा वर्षं अडकलेल्या आम्ही, एका पायात बूट नि दुसऱ्यात नुसता मोजा, पोट धरून हसत होतो. ती संध्याकाळ मला अख्ख्या सहलीहून प्यारी आहे.

आता तुम्ही लिहा. दारू प्यायलीच पाहिजे असं काही नाही.

*

मी पीत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. बुडापेस्टचा 'सिम्प्ला कर्ट'. जुन्या ज्यू वस्तीतल्या पडीक इमारतींमध्ये असे बार निघाले, त्यांना 'रुइन बार' म्हणतात. हा त्यातला सगळ्यात प्रसिद्ध, २००४ पासून काझिन्त्सी रस्त्यावर आहे. पोपडे उडालेल्या भिंती, एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या, कापून सोफा केलेला बाथटब आणि अंगणात जुनी ट्राबांट गाडी, तिच्यात बसायची सोय! मित्र बिअर घेत होते, मी लिंबू सरबत. त्या गाडीत गुडघ्याला गुडघे लावून बसलो असताना एकाने वडिलांच्या आजारपणाबद्दल पहिल्यांदा तोंड उघडलं. भोवती एवढा गोंगाट, तरी आम्हाला त्याचा शब्द न् शब्द ऐकू आला.

*

स्टॉकहोमचा आइसबार. भिंती, टेबलं, ग्लास, सगळं बर्फाचं आणि तो बर्फही उत्तर स्वीडनमधल्या टॉर्ने नदीचा. आत शून्याखालची थंडी. दारातच अंगावर जाड पोंचो चढवतात. बघण्यासारखा आहे, पण गप्पांना बैठक हवी, ती तिथे जमत नाही.

*

टोकियोत शिंजुकूला 'गोल्डन गाई' आहे. सहा चिंचोळे बोळ आणि त्यांत दोनशेच्या आसपास चिमुकले बार. बऱ्याच ठिकाणी जेमतेम सात-आठ खुर्च्या. आम्ही पाच जण. तीन दारांतून मालकांनी वाकून, हात जोडून 'जागा नाही' सांगितलं. शेवटी तिघं एकीकडे, दोघं दुसरीकडे अशी फाटाफूट केली. (अनेक बारांत बसण्याचे वेगळे पैसे पडतात, दारावरची पाटी वाचून घ्या.) मी आणि माझा मित्र शिडीसारखा उभा जिना चढून वर गेलो. काउंटरमागच्या बाईंनी न मागता एका वाटीत उकडलेल्या भाजीचे चार तुकडे समोर ठेवले. शेजारी बसलेल्याचा कोपर लागत होता, त्यामुळे ओळख करून घेणं भागच होतं. शेजारच्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला जपानी. कागदाच्या रुमालावर चित्रं काढत तासभर बोललो. त्यांनी त्यांच्या गावचा डोंगर काढला, मित्राने आपल्या मुलीचं चित्र काढलं.

खाली उतरलो तर उरलेले तिघं बोळात आमची वाट बघत उभे. त्यांच्याही हातात एक रुमाल होता.