घरी व्यायामासाठी काय घ्यावं: ट्रेडमिल, सायकल की डंबेल्स?

सकाळची_वेळ:
नमस्कार मंडळी, घरी व्यायाम सुरू करायचाय आणि सामान काय घ्यायचं यावर घरात एकमत होत नाहीये म्हणून इथे विचारतेय. आम्ही तिघं, मी चाळिशीतली, नवरा थोडा मोठा आणि सासूबाई सत्तरच्या आसपास. सासूबाईंचे गुडघे दुखतात, बाकी तब्येत चांगली आहे. नवऱ्याला ट्रेडमिलच हवीये. मला वाटतं वजनं घ्यावीत कारण मला ताकद वाढवायचीये, जरा जड काही उचललं की लगेच पाठ बोलायला लागते. आणि सासूबाईंचं म्हणणं की जे काही आणाल त्यातलं मलापण वापरता आलं पाहिजे. जागा म्हणजे एका खोलीचा कोपरा, अंदाजे अडीच मीटर बाय दोन मीटर, खाली दुसऱ्यांचं घर आहे त्यामुळे आवाजाचाही विचार करावा लागेल. बजेट एका बऱ्यापैकी मशीनइतकं आहे, दोन मशीन नाही जमणार. मल्टी जिमही बघितली पण ती फार मोठी वाटली. जे घरी नियमित करतात त्यांनी सांगा प्लीज.

लोखंडप्रेमी:
ताई, मशीनचं नंतर बघू, आधी एक गोष्ट सांगतो जी दुकानात कोणी सांगत नाही. शरीराच्या मुख्य हालचाली मोजक्याच आहेत, ढकलणं, ओढणं, बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं आणि वजन हातात घेऊन चालणं. यातलं ढकलणं जोर काढून होतं, अगदी भिंतीला हात टेकूनही सुरुवात करता येते. बसून उठणं खुर्चीवरून होतं. पण ओढण्याचा व्यायाम सामानाशिवाय करणं फार अवघड आहे, आणि पाठीचे, खांद्यामागचे स्नायू सगळे त्यातच येतात. तुमची पाठ बोलते म्हणताय ना, मग मी तुमच्या जागी असतो तर पहिलं सामान ओढण्यासाठी आणि उचलण्यासाठी घेतलं असतं, म्हणजे रेझिस्टन्स बँड (ताणून व्यायाम करायचे रबरी पट्टे) आणि प्लेटा बदलता येणारे डंबेल्स. एवढ्यात तुमच्या कोपऱ्यातला निम्मा भागही भरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना बघा, मोठ्यांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम जोराची हालचाल सांगितलीये आणि त्यासोबत आठवड्यातून किमान 2 दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. लोक पहिला भाग लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. पहिला भाग चालून होतो हो, रस्ता फुकट आहे. दुसऱ्यासाठीच सामान लागतं.

बँडबद्दल एक, लांब पट्टीसारखे आणि हँडलवाले दोन्ही चांगले पण दारात अडकवायचा अँकर सोबत घ्याच, तो नसेल तर ओढण्याचे अर्धे व्यायाम होत नाहीत. अँकर नेहमी दार ज्या बाजूला उघडतं त्याच्या उलट बाजूने ओढायचा म्हणजे दार आपल्याकडे उघडून येत नाही. बँड जेवढा ताणाल तेवढा जोर वाढत जातो, त्यामुळे सुरुवात हलकी वाटते आणि शेवट जड. उन्हात ठेवले की रबर चिरायला लागतं, दर वेळी वापरायच्या आधी बोटं फिरवून बघायचं, बारीकशी चीर दिसली तरी फेकून द्या, तोंडावर सुटला तर डोळ्याला लागतो.

मल्टी जिम नको. हलवता येत नाही आणि जागा खाते. आणि ते पोटाची चरबी कमी करणारे पट्टे, कंप देणारी मशीनं वगैरे त्यांच्याकडे बघूही नका, एका ठिकाणची चरबी त्या ठिकाणचा व्यायाम करून जात नसते.

चालत_राहा:
लोखंडप्रेमी दादा, ताकदीचं सगळं पटलं पण "रस्ता फुकट आहे" हे सगळ्यांना लागू नाही होत. कोणाची कामाची वेळ रात्रीची असते, कुठे पावसात बाहेर पडता येत नाही, कुठे रस्त्यावर चालायला जागाच नसते. यांच्या मिस्टरांना ट्रेडमिल का हवीये ते आधी विचारा. बाहेर जाणं खरंच जमत नसेल तर त्यांची मागणी रास्त आहे.

फक्त घ्यायच्या आधी टेप घेऊन मोजा. मशीनचीच लांबी दीड ते पावणेदोन मीटर असते आणि त्याच्या मागे साधारण 2 मीटर मोकळी जागा सोडायची असते, बाजूंना अर्धा अर्धा मीटर. ही जागा शोभेची नाहीये, चालता पट्टा माणसाला मागे फेकतो आणि मागे भिंत असली तर माणूस भिंत आणि पट्टा यांच्यात अडकतो. फोल्डिंग मशीन ठेवताना कमी जागा घेतं पण चालू असताना मागची जागा लागतेच. छत पण बघा, पट्टा जमिनीपासून वर असतो आणि पळताना डोकं अजून वर जातं.

मोटरचे आकडे वाचताना पीक पॉवर सोडून द्या, ती क्षणभरासाठी असते, सलग चालवताना किती पॉवर मिळते तो आकडा विचारा. नुसतं चालायचं असेल तर पट्टा 120 सेंटीमीटरच्या आसपास चालतो, पळायचं असेल तर 140 तरी हवा नाहीतर पाऊल आखडून पळावं लागतं. वजनाची मर्यादा तुमच्या सगळ्यात जड माणसापेक्षा 15-20 किलोने जास्त असू दे. कपड्याला लावायची सेफ्टी किल्ली असते, ती ओढली गेली की पट्टा थांबतो, ती रोज लावायची, आणि घरात लहान मूल येत असेल तर काम झालं की काढून वर ठेवायची. पट्ट्याखाली मधूनमधून सिलिकॉन तेल घालावं लागतं, हे न केल्याने घर्षण वाढून मोटरवर ताण येतो. एक्स्टेंशन कॉर्डवर लावू नका.

आवाजाचं म्हणाल तर मोटरपेक्षा पळणाऱ्या पावलांची धडधड खाली जास्त जाते, जाड रबर मॅटने ती कमी होते पण जात नाही.

गुडघा_आणि_पाठ:
मी फिजिओथेरपिस्ट आहे म्हणून सासूबाईंबद्दल लिहिते, कारण त्यांची गरज वेगळी आहे. दुखऱ्या गुडघ्याला बसायची सायकल बहुतेकदा सोसते कारण शरीराचं वजन सीटवर असतं. त्यातही पाठीला टेकू असलेली, पाय पुढे ठेवून चालवायची रिकंबंट सायकल सत्तरीच्या बाईंसाठी जास्त चांगली, टांग टाकून चढावं लागत नाही. साध्या उभ्या सायकलपेक्षा ती लांब असते पण तुमच्या कोपऱ्यात बसेल. सीट अशी लावा की पेडल सगळ्यात लांब गेलं तरी गुडघा थोडासा वाकलेला राहील, सीट फार जवळ असेल तर गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीच्या मागे दुखायला लागतं. रेझिस्टन्स (पेडलला होणारा अडथळा) मॅग्नेटिक म्हणजे चुंबकाचा असलेलीच घ्या, घासणारा पॅड नसतो म्हणून आवाज जवळपास नाही आणि झीजही नाही, खालच्या मंडळींचा प्रश्नही मिटतो. सुरू करायच्या आधी त्यांना एकदा प्रत्यक्ष तपासून घ्या, नुसतं गुडघे दुखतात यावरून मी इथून सांगू नये.

आणि एक, 65 च्या पुढे तोल सांभाळायचे व्यायाम आठवड्यातून 3 दिवस तरी हवेत. त्याला काहीही विकत घ्यायचं नाही, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं, टाचेला पंजा लावून एका रेषेत चालणं. सायकलने तोल सुधारत नाही, हे मात्र लक्षात असू दे.

सकाळची_वेळ:
खूप खूप आभार सगळ्यांचे! आजच टेपने मोजलं, ट्रेडमिल मागच्या मोकळ्या जागेसकट बसतच नाहीये. नवऱ्याला आकडे दाखवले, तो म्हणाला मला पळायचंय असं नाही घाम आला पाहिजे, आणि सायकलवर तो तयार आहे. सासूबाई तर खूशच झाल्या. म्हणजे मॅग्नेटिक रिकंबंट सायकल आणि उरलेल्यात बँड आणि डंबेल्स असं ठरतंय. आता दादा डंबेल्सचं सांगा, किती किलोचे घेऊ? दुकानात मला 2-2 किलोची रंगीत जोडी दाखवली, बायका हेच घेतात म्हणाले.

लोखंडप्रेमी:
ती रंगीत जोडी खांद्याच्या बारीक व्यायामाला ठीक आहे, पण बसून उठायला आणि वाकून उचलायला थोड्याच दिवसांत काही वाटेनासं होईल. तुमचे पाय आणि कंबर रोज तुमचं पूर्ण वजन उचलतायत, त्यांना 2 किलो काय कळणार. आणि नवरापण तेच वापरणार ना. म्हणून प्लेटा बदलायचे घ्या, प्रत्येक डंबेल कमीत कमी 2-3 किलोपासून 15-20 किलोपर्यंत जाईल असा सेट.

घेताना छोट्या प्लेटा आहेत का बघा, यावर सगळं अवलंबून आहे. दोन्ही टोकांना सव्वा सव्वा किलो लावलं तर एकदम अडीच किलो वाढतं, पायाला चालतं पण डोक्यावर उचलताना ती उडी फार मोठी होते. अर्धा अर्धा किलोच्या चार प्लेटा असल्या की एकेक किलोने चढता येतं. लोखंडी प्लेटा घ्या, सिमेंट भरलेल्या प्लास्टिकच्या त्याच वजनाला खूप जाड होतात, दांड्यावर कमी मावतात आणि मांडीला अडतात. भोकाचं माप सेटच्या दांड्याशी जुळतंय ना ते विचारा, 25, 28, 30 मिलीमीटर अशी वेगवेगळी असतात आणि नंतर दुसरीकडून आणलेली प्लेट बसत नाही. टोकाला पेचाचे नट असतात त्यांच्या आत रबरी वॉशर हवी, आणि दर वेळी उचलायला सुरुवात करायच्या आधी नट हाताने पुन्हा आवळायचा, ढिला होतोच. डायल फिरवून वजन बदलणारे सुटसुटीत असतात पण ते जमिनीवर टाकता येत नाहीत, आतली यंत्रणा बिघडते.

वजन कसं ठरवायचं तर 8 ते 12 वेळा नीट उचलता आलं पाहिजे आणि शेवटची दोन-तीन जड गेली पाहिजेत. 12 सहज व्हायला लागले की वाढवा. पाठ बोलते तर वाकून उचलण्याची पद्धत एकदा समोर कोणा जाणकाराकडून शिका, व्हिडिओ बघून कमरेचा वाक कळत नाही.

लोखंड जुनं घेतलं तरी चालतं, गंज घासला की जातो. बँड मात्र नवेच घ्या. आणि मॅट 6 मिलीमीटरची पुरे, 15 ची मऊ वाटते पण तिच्यावर उभं राहून वजन उचलताना पाय डगमगतात. वजनांखाली वेगळा रबराचा तुकडा टाका, खालच्यांना धप्प आवाज जाणार नाही.

गुडघा_आणि_पाठ:
डंबेल्स जमिनीवरून उचलण्याऐवजी सुरुवातीला स्टुलावर ठेवा ताई. पाठ दुखणाऱ्यांचा निम्मा त्रास व्यायामात नसतो, वजन खालून घेताना आणि परत ठेवताना होतो. खाली ठेवायचेच असतील तर एक गुडघा टेकून घ्यायचे आणि तसेच ठेवायचे.