पहिल्याच मेळाव्याला २४ तासांची हॅकेथॉन घ्यावी का?

कंसातला_कंस

नमस्कार मंडळी. आमचा सॉफ्टवेअरची आवड असणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. महिन्यातून एकदा जमतो, कुणीतरी आपलं काम दाखवतं, मग वाद घालत बसतो. आता पहिल्यांदाच बाहेरच्यांना बोलवायचं ठरलंय. पन्नास-साठ जण येतील असं वाटतंय. सभागृह शनिवार सकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत आपल्या ताब्यात आहे. इंटरनेट आहे, प्रोजेक्टर आहे.

गाडी अडलीय ती वेगळ्याच ठिकाणी. गटातल्या बहुतेकांना २४ तासांची हॅकेथॉन हवी आहे. विषय जाहीर करायचा, चार-चार जणांचे संघ, दुसऱ्या दिवशी परीक्षक, बक्षिसं, फोटो. मला आणि आणखी एकाला वाटतं की साधी कार्यशाळा घ्यावी, कारण येणाऱ्यांत सगळ्या तऱ्हा आहेत. काही जण नोकरीत मुरलेले, काही कॉलेजातले, आणि काही असे की पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे चार व्हिडिओ पाहिलेत पण स्वतःच्या मशीनवर अजून काही चालवलेलं नाही.

एकाच खोलीत या सगळ्यांचं काय करायचं? आमच्याकडे थोडे ईएसपी३२ बोर्डही (वाय-फाय असलेले, प्रोग्रॅम करता येणारे छोटे सर्किट बोर्ड) आहेत, ते बाहेर काढावेत का? आणि हात जोडून सांगतो, 'दोन्ही करा' म्हणू नका. राबणारे आम्ही पाचच जण आहोत.

जुनी_फांदी

'दोन्ही करा' म्हणत नाही. दोन्ही करू नका म्हणते.

आधी हॅकेथॉनचं बघू. हा शब्द १९९९ साली ओपनबीएसडी ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांनी वापरला. त्या जूनमध्ये दहाएक डेव्हलपर कॅनडातल्या कॅलगरीत जमले आणि क्रिप्टोग्राफीच्या (माहिती सांकेतिक करण्याच्या) कोडवर बसले. कॅनडातच का, तर तसलं सॉफ्टवेअर अमेरिकेबाहेर पाठवण्यावर तेव्हा निर्बंध होते आणि कायद्याची ती कटकट टाळायची होती. म्हणजे ती स्पर्धा नव्हतीच. एकाच कोडवर काम करणारी, एरवी ईमेलवर बोलणारी माणसं काही दिवस एका जागी बसली, एवढंच.

तुमच्या खोलीत त्यातलं काय आहे? एकमेकांची नावंही माहीत नसलेले साठ जण. त्यांच्यापुढे बक्षीस ठेवलंत की पुढे काय होईल ते मी आत्ताच सांगते. मुरलेला गडी कीबोर्ड धरतो, कारण वेळ कमी आणि शिकवत बसलं तर हरू. कॉलेजातली मुलगी शेजारी बसून त्याच्यासाठी एपीआयची (दुसऱ्या सॉफ्टवेअरशी बोलायच्या सोयीची) कागदपत्रं शोधते. आणि ज्याने चार व्हिडिओ पाहिलेत त्याच्या वाट्याला येते पीपीटी. रात्रभर जागून तो लोगो आणि स्लाइडी बनवतो, सकाळी लाल डोळ्यांनी घरी जातो. त्याच्या मशीनवर पायथन अजूनही चालत नसतं.

बक्षिसाने काय होतं ते हॅक्टोबरफेस्टमध्ये सगळ्या जगाने पाहिलंय. २०१४ पासूनचा चांगला उपक्रम, मुक्त स्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) प्रकल्पांना हातभार लावायचा. २०२० साली चार पुल रिक्वेस्ट (प्रकल्पाच्या कोडमध्ये सुचवलेले बदल) दिल्या की टीशर्ट असं होतं. लोकांनी रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलमध्ये, एखादं विशेषण वाढवून पुल रिक्वेस्ट टाकायचा सपाटा लावला. प्रकल्प सांभाळणारे मेंटेनर इतके वैतागले की महिना सुरू होतो न होतो तोच आयोजकांना नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून नाव नोंदवलंय, तिथल्याच पुल रिक्वेस्ट मोजायच्या. एका टीशर्टापायी!

कार्यशाळेचं थोडक्यात. एक जण पुढे उभा राहून बोलणार, नवखे तिसऱ्या पायरीला अडकणार आणि मुरलेले अर्ध्या तासात मोबाइल काढणार. साठ जणांना एकच वेग झेपत नाही.

मी तुमच्या जागी असते तर कोड रिट्रीट घेतली असती. २००९ पासून हा प्रकार ठिकठिकाणी चालतो. दिवसभर एकच कोडं, बहुधा गणितज्ञ कॉन्वेचं गेम ऑफ लाइफ. चौकटींचं जाळं, प्रत्येक पेशी जिवंत किंवा मेलेली. जिवंत पेशीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असतील तर ती जगते, नाहीतर मरते. मेलेल्या पेशीला बरोब्बर तीन जिवंत शेजारी असतील तर ती जिवंत होते. नियम संपले. समजायला पाच मिनिटं पुरतात, नीट लिहायला मात्र चांगल्या-चांगल्यांचा कस लागतो.

दोघा-दोघांनी बसायचं, ४५ मिनिटं लिहायचं, आणि मग लिहिलेला सगळा कोड पुसायचा. हो, पुसायचा. जोडी बदलायची आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवसात अशा पाच-सहा फेऱ्या होतात. दर फेरीला वेगळी अट घालायची: या वेळी इफ (जर-तर) वापरायचं नाही, या वेळी लूप (तेच पुन्हा पुन्हा करणं) नाही, या वेळी तोंडाने अवाक्षर काढायचं नाही, जे सांगायचं ते कोडमधूनच. ही मुक्या फेरीची अट लावली की खोलीत जी मजा येते ती मी सांगून कळणार नाही.

पहिल्यांदा पुसताना लोकांच्या जिवावर येतं. काही जण गुपचूप कुठेतरी कॉपी करून ठेवतात, ते नजरेला पडतंच. पण पुसायचंच आहे म्हटल्यावर जिंकायला काही उरत नाही, आणि शेजारच्याला समजावून सांगायला मुरलेल्या माणसाला आपोआप वेळ मिळतो. तुमच्या मिश्र गर्दीसाठी मला याहून बरं काही सुचत नाही.

थेट_प्रॉडक्शन

ताईंचं बरंचसं पटतं, पण हॅकेथॉनला त्या फारच झोडपतायत. कोड पुसून घरी गेलेल्या माणसाच्या हातात काय राहतं? मित्राने विचारलं 'काय केलंस दिवसभर' तर दाखवायला काहीही नाही. मुदत डोक्यावर असली की माणूस नको त्या गोष्टी सोडायला शिकतो, आणि ते शिक्षण दुसरीकडे मिळत नाही. ग्रुपमी या ग्रुप-चॅट अॅपचा जन्म २०१० साली टेकक्रंच या तंत्रज्ञानाच्या बातम्यांच्या संकेतस्थळाच्या हॅकेथॉनमध्ये झाला, पुढच्याच वर्षी स्काइपने ती कंपनी घेतली. आता सगळ्यांचं असं होत नाही, मान्य. पण दार बंद कशाला करायचं?

रात्र मात्र काढून टाका. पहाटे तीननंतर लिहिलेला कोड सकाळी सातला पुन्हा लिहावा लागतो. दहा तास भरपूर झाले. परीक्षण ठेवलंत तर एकच नियम: चालणारी गोष्ट दाखवायची, तीन मिनिटं, स्लाइडी बंद. पीपीटीचा प्रश्न तिथेच मिटतो.

आणि एक गोष्ट नियमावलीत आधीच लिहा, ती म्हणजे कोड कुणाचा. रेपो (कोड ठेवायची जागा) सार्वजनिक केला म्हणजे तो सगळ्यांचा झाला असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नसतं. परवान्याची फाइल नसेल तर हक्क लिहिणाऱ्यांकडेच राहतात आणि दुसऱ्या कुणाला तो कोड पुढे वापरता येत नाही. चौघांनी मिळून लिहिलं आणि चौघे चार दिशांना गेले की तो रेपो तसाच पडून राहतो. पहिल्या कमिटलाच, म्हणजे कोड पहिल्यांदा साठवतानाच, एमआयटी परवाना (कोड कुणालाही वापरू देणारा) टाकायला सांगा.

शेवटी ताईंना एक प्रश्न: व्हिडिओवाला पोरगा इफ न वापरता गेम ऑफ लाइफ कसा लिहिणार? त्याला इफच धड येत नाही.

जुनी_फांदी

प्रश्न रास्त आहे. दोन गोष्टी करायच्या. अट घालायची ती दुसऱ्या फेरीनंतर, आणि ती झेपणाऱ्या जोड्यांनाच. आणि जोडीत ज्याला कमी येतं त्याच्याच हातात कीबोर्ड, दुसऱ्याने फक्त बोलायचं. हा नियम मोडू द्यायचा नाही. मुरलेल्या माणसाला 'मी पटकन करतो, थांब' म्हणायची सवय असते. आयोजकाने खोलीत फिरत राहायचं आणि असं ऐकू आलं की कीबोर्ड परत सरकवायचा. पाच जण आहात ना, मग दोघांचं दिवसभराचं काम हेच.

परवान्याचं सांगितलंत ते उत्तम. पुसलेल्या कोडला लागत नाही, तो भाग वेगळा.

आणखी एक युक्ती सांगायची राहिली. सॉफ्टवेअर कार्पेंट्री म्हणून संशोधकांना प्रोग्रॅमिंग शिकवणारी मंडळी आहेत, १९९८ पासून. त्यांच्या वर्गात प्रत्येकाला दोन रंगांचे चिकट कागद देतात. एक रंग लॅपटॉपच्या पाठीवर लावला तर 'माझं झालं', दुसरा लावला तर 'अडलोय, या'. हात वर करायला लाजणारी माणसं कागद मात्र लावतात. शिवाय हात वर ठेवला की टायपिंग थांबतं, कागद लावून माणूस प्रयत्न करत राहतो.

सोल्डरचा_धूर

बोर्डांबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. साठ जणांत, पहिल्याच वेळी, ईएसपी३२ काढू नका.

तुम्ही केबल वाटणार. त्यातल्या कित्येक फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतातच. बोर्डावरचा दिवा लागतो, लॅपटॉपला मात्र पोर्ट दिसत नाही, आणि माणूस तासभर ड्रायव्हर शोधत बसतो. ड्रायव्हरचंही झेंगट आहेच: काही बोर्डांवर सीएच३४० चिप, काहींवर सीपी२१०२, आणि दोन्हींचे ड्रायव्हर वेगळे. त्यातून पार पडलात की वाय-फाय. मूळ ईएसपी३२ला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळतं. सभागृहाचं नेटवर्क ५ वर असेल तर बोर्डाला ते दिसणारच नाही, आणि ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान उघडणारं नेटवर्क असेल तर बोर्ड ते पान भरणार कसं? त्यात २.४ च्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. तिथे साठ मोबाइल, साठ लॅपटॉप आणि वर तुमचे बोर्ड.

मग कुणीतरी सेन्सर जोडतो, वाय-फाय चालू करतो आणि आकडे यायचे बंद होतात. कारण वाय-फाय चालू असताना एडीसी२ च्या (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यांत बदलणाऱ्या दुसऱ्या गटाच्या) पिना त्या कामाला वापरता येत नाहीत, सेन्सर एडीसी१ वर लावावा लागतो. हे शिकायला मस्त आहे, मला स्वतःला याच गोष्टी आवडतात. पण दहा-बारा जणांत, वेगळ्या दिवशी, प्रत्येक केबल आधी स्वतः तपासून.

नेटवर्कचं निघालंय तर अजून एक. बाहेरून तुमची अख्खी खोली एकाच आयपी पत्त्याची दिसते. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळाचा एपीआय लॉगिनशिवाय वापरला तर एका पत्त्याला तासाला ६० विनंत्या. साठ जणांना एकेक मिळाली की खेळ संपला. आणि सगळ्यांनी एकदम पायथन उतरवायला घेतलं तर बघायलाच नको. इन्स्टॉलर तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिमचे, लागणाऱ्या पॅकेजेससकट, चार-पाच पेन ड्राइव्हवर भरून टेबलावर ठेवा.

कंसातला_कंस

सगळ्यांचे आभार. गटात काल हे वाचून दाखवलं. हॅकेथॉनवाल्यांचा चेहरा पडला, पण पीपीटीचा मुद्दा ऐकून त्यातलाच एक म्हणाला, 'गेल्या खेपेला दुसरीकडे गेलो होतो, पीपीटी मीच केली होती.' मग मतदान झालंच नाही.

तर ठरलं असं: शनिवारी कोड रिट्रीट, बक्षीस नाही, रात्र नाही. रविवार सोडून दिला. बोर्ड कपाटात. थेट_प्रॉडक्शन यांची दहा तासांची आवृत्ती नंतर कधीतरी, एकमेकांची ओळख झाली की. गटातले दोघे आधीच विषय शोधायला लागलेत, त्यांना कोण थांबवणार.

एकच विचारतो. नोंदणीच्या फॉर्ममध्ये काय विचारावं? आमच्या एका उत्साही सदस्याने वीस प्रश्न काढलेत, 'तुमची प्रेरणा काय' धरून.

जुनी_फांदी

प्रेरणा कापा. तीन प्रश्न ठेवा: ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, कोणत्या भाषेत काहीतरी चालवून पाहिलंय ('कुठल्याच नाही' हाही पर्याय ठेवा, आणि तो पहिला ठेवा), आणि लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकायची परवानगी आहे का. तिसरा विसरू नका. नोकरदार लोक ऑफिसचा लॅपटॉप घेऊन येतात, त्यावर अॅडमिनचा पासवर्ड आयटी विभागाकडे, आणि शनिवारी आयटी विभाग फोन उचलत नाही. अशांची नावं आधी कळली की त्यांना घरचं मशीन असणाऱ्यांच्या जोडीला बसवता येतं. जोडीला एकच लॅपटॉप लागतो, त्यामुळे साठातल्या तिसाकडे चालतं मशीन असलं तरी तुमचं भागेल.

आणि आदल्या संध्याकाळी दोन तास दार उघडं ठेवता आलं तर बघा, ज्यांना पायथन टाकून हवंय त्यांच्यासाठी. सभागृह शनिवारपासूनच मिळणार असेल तर शनिवारी पहिल्या फेरीआधी तासभर. तेव्हा भाषण-स्वागत काही नको, नुसते पेन ड्राइव्ह आणि चिकट कागद.