सीआयडी कुठवर बघावी, आणि त्यानंतर काय? सल्ला हवा

जुना_खबरी:
२१ जानेवारी १९९८ ला सोनीवर सुरू झाली तेव्हापासूनच्या प्रेक्षकाचा हा प्रश्न आहे. त्यामुळे "पोरासोरांची मालिका ती, सोडून द्या" हा सल्ला कृपया नको.

२७ ऑक्टोबर २०१८ ला १५४७ भागांवर मालिका थांबली तेव्हा वाईट वाटावं अशी तिची अवस्था राहिली नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये परत आली तेव्हा पुन्हा आशा लागली. आल्या आल्या पथकातले अधिकारी अभिजीत आणि दया एकमेकांवर उठले. एप्रिल २०२५ मध्ये पथकाचे प्रमुख एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) प्रद्युम्नना बॉम्बस्फोटात संपवलं, वाहिनीने श्रद्धांजलीसारखी पोस्टही टाकली, आणि पुढे साहेब धडधाकट परत. ज्या मालिकेचा धंदाच मृत्यूचं कारण शोधण्याचा, तिनेच मरणाची किंमत ठेवली नाही, तर बघणाऱ्याने कशाला जीव लावायचा?

दोन गोष्टी हव्यात:
१) जुन्यातलं नेमकं काय परत बघण्यासारखं आहे आणि कुठे थांबावं?
२) तसंच पथक, तसा तपास, पण प्रेक्षकाला अक्कल आहे असं धरून चालणारं दुसरं काही. हिंदी-मराठी आधी, इंग्रजी चालेल. सत्तरीतली माणसं सोबत बघणार आहेत, तेव्हा शिव्यांचा पाऊस नको.

पुरावा_क्र_७:
कुठे थांबावं याचं उत्तर भाग क्रमांकात देता येत नाही, कारण घसरण एका रात्रीत झाली नाही. बांधणी बदलली तिथून ती सुरू झाली. सुरुवातीच्या गोष्टी "द केस ऑफ..." अशा नावांच्या, आणि एक गोष्ट दोन-दोन भागांत चालायची. पहिला भाग संपला की मध्ये आख्खा आठवडा. त्यामुळे लेखकाला पहिल्या भागात धागे पेरावेच लागायचे, नाहीतर लोक आठवडाभर बोलणार कशावर? पुढे एका भागात एक खून उरकायचा ठरलं आणि आठवड्याला दोन-तीन भाग पाडायला लागले. जाहिराती वजा जाता पाऊण तासाच्या आत प्रेत, तीन संशयित, प्रयोगशाळा, पाठलाग आणि थप्पड. पहिली कात्री लागली ती पेरणीला. उत्तर मग शेवटच्या पाच मिनिटांत बाहेरून आणावं लागतं: जुळा भाऊ, मुखवटा, नाहीतर प्रयोगशाळेतल्या डॉ. साळुंखेंचं नवं यंत्र.

तुमच्यासाठी एक सोपी चाचणी. प्रयोगशाळेचा पहिला प्रसंग आला की थांबवा. तोवर *दिसलेल्या* वस्तू कागदावर लिहा, ऐकलेल्या नाही. भाग संपल्यावर बघा, खुनी त्यातल्या एखाद्या वस्तूवरून सापडला का. ओळीने तीन भाग नापास झाले की ते वर्ष सोडून मागे या.

बघायचा क्रम असा ठेवा:
- १९९८-९९ चे भाग, इन्स्पेक्टर वीरेंद्रच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर असतानाचे. तपास सावकाश, बोलणं कमी.
- एसीपींचा मुलगा नकुल याची गोष्ट. एसीपी रंगवणारे शिवाजी साटम काय ताकदीचे नट आहेत ते तिथे कळतं. नंतरच्या वर्षांत त्यांच्या वाट्याला हवेत फिरणारी बोटंच उरली.
- अभिजीतची स्मृती गेल्याचा धागा.
- "द इन्हेरिटन्स", ७ नोव्हेंबर २००४. १११ मिनिटांचा भाग, सलग एका शॉटमध्ये घेतलेला. विक्रमासाठी तर बघाच, पण आणखी एका गोष्टीसाठी बघा. एकदाही कट नाही म्हटल्यावर ती पुढे डोक्यात गेलेली खोड शक्यच नव्हती: "खून झालाय" हे एक वाक्य, की एसीपींचा चेहरा, धाडकन आवाज, अभिजीतचा चेहरा, धाडकन, दयाचा, फ्रेड्रिक्सचा, आणि पुन्हा एसीपींचा. ही वेळखाऊ युक्ती काढून घेतल्यावर मंडळी सरळ काम करताना दिसतात.

यूट्यूबवर शोधताना भाग क्रमांकावर विसंबू नका. जुने भाग उलटसुलट क्रमाने चढवलेले सापडतात. इंग्रजी नाव टाकून शोधा आणि कालावधी तपासा. दहा-बारा मिनिटांचं काही दिसलं तर तो तुकडा आहे, भाग नव्हे.

कलिना_लोकल:
वरच्या चाचणीला पुस्ती. साळुंखेंचं पात्र लाडकं आहे, नरेंद्र गुप्तांनी रंगवलंयही झकास, पण मालिकेचं सगळ्यात जास्त नुकसान त्याच टेबलावर झालं. एकच माणूस शवविच्छेदन करतो, विष ओळखतो, ठसे जुळवतो, गोळी तपासतो आणि वर संगणकावर चेहराही काढतो. प्रत्यक्षात मुंबईत शवविच्छेदन रुग्णालयाच्या शवागारात डॉक्टर करतात, विषाचं आणि रक्ताचं काम कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत होतं, आणि बोटांच्या ठशांचं खातं आणखी वेगळं.

आता ते परीक्षानळीत दोन थेंब टाकून निळा रंग आणून "सायनाइड!" म्हणणं घ्या. विषाचा संशय असेल तर डॉक्टर व्हिसेरा राखून ठेवतात: जठर आतल्या ऐवजासकट, लहान आतड्याचा साधारण ३० सेंमी तुकडा, यकृताचा भाग, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग. हे सगळं मिठाच्या संपृक्त द्रावणात. बरणी दोन तृतीयांशच भरायची, कारण आत वायू धरला तर झाकण उडतं किंवा बरणी फुटते. आणि त्याच मीठपाण्याचा नमुना वेगळ्या बाटलीत सीलबंद करून सोबत पाठवायचा, म्हणजे विष द्रावणातूनच आलं असं उद्या कोर्टात कोणी म्हणू नये. या एका बाटलीवर अख्खा भाग उभा राहिला असता! बाटली पाठवायला कोण विसरलं, सील कोणी बदललं, पुरावा कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची साखळी कुठे तुटली. मालिकेला मात्र निळा रंग पुरला.

मृत्यूच्या वेळेचंही तेच. "रात्री अकरा ते साडेअकरा" असं कुणालाच सांगता येत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात प्रेताचा ताठरपणा एक-दोन तासांतच पापण्या-जबड्यापासून सुरू होतो आणि थंडीपेक्षा लवकर उतरतो. एसी चालू असेल तर गणित पुन्हा बदललं. त्यामुळे अंदाज काही तासांच्या पट्ट्यात देतात. चांगला लेखक याच पट्ट्यात दोन संशयित बसवतो.

आणि केस सापडला की डीएनए! मूळ नसलेल्या केसातून बहुधा फक्त मायटोकॉन्ड्रियल डीएनए मिळतो, म्हणजे आईकडची रेघ. सख्ख्या भावंडांपैकी कोण, ते त्यावरून ठरत नाही. जुळ्यांचा इतका सोस असलेल्या मालिकेने ही अडचण कधी वापरली नाही याचं नवल वाटतं.

कलम_तेवीस:
प्रयोगशाळेचं झालं, आता थपडेचं बघू. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. म्हणजे दयाने कानाखाली वाजवली, खुन्याने दोन मिनिटं रडत सगळं सांगितलं आणि एसीपी फाशीची खात्री देऊन निघाले, त्यातलं एक अक्षरही कोर्टात टिकणार नाही. टिकतं ते त्या माहितीवरून *सापडलेलं* हत्यार, आणि माहितीचा तेवढाच भाग. त्यासाठी निवेदन पंचनामा, दोन पंच, जागेवर जाऊन जप्ती. कबुलीच हवी तर दंडाधिकाऱ्यापुढे, विचार करायला वेळ देऊन.

आता मला हे खरं का हवं? कागदपत्रांच्या हौसेपोटी नाही. कबुली चालत नाही म्हटल्यावर लेखकाला पुरावा शोधावाच लागतो. थपडेने त्यांची ती गरजच संपवली.

जाता जाता: राज्याच्या सीआयडीचं मुख्यालय पुण्याला, आणि एसीपी हे पद पोलीस आयुक्तालयातलं. मालिकेतलं पथक मुंबई गुन्हे शाखेचं शोभलं असतं. पण "गुन्हे शाखा" म्हणून कोणी दरवाजा तोडला असता तर तो दरारा आला नसता, हेही मान्य.

फ्रेडीचा_पंखा:
तुम्ही सगळे मिळून मालिकेचंच शवविच्छेदन करताय. दया लाथ मारणार आणि दरवाजा चौकटीसकट येणार, यात मजा आहे ती आहेच. पथकातल्या फ्रेड्रिक्सचे बायकोला घाबरण्याचे विनोद तेच ते होते, पण ते काम करणाऱ्या दिनेश फडणीसांचं टायमिंग पक्कं होतं. २०२३ मध्ये ते गेले, आणि नव्या पर्वात ती जागा भरायचा प्रयत्न झाला की पडदा रिकामाच वाटतो. संध्याकाळी भाजी निवडताना बघायला मधल्या वर्षांचे भाग उत्तम. पुराव्यांची यादी करायला बसू नका.

जुना_खबरी:
@फ्रेडीचा_पंखा, भाजी निवडताना ठीक. पण निवडलेली भाजी सोडून पडद्याकडे बघावंसं वाटायचं, ते गेलं ना. दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघेल का?

रविवार_रात्री:
घ्या. घरातल्या ज्येष्ठांसोबत कोणतं आणि एकट्याने कोणतं, असं वेगळं करून देतो.

सोबत बघायला:

*ब्योमकेश बक्शी*, दूरदर्शन, १९९३ आणि पुढचा संच १९९७. बासू चटर्जींचं दिग्दर्शन, रजित कपूर ब्योमकेश, के. के. रैना अजित. "सत्यान्वेषी"पासूनच सुरू करा, कारण दोघांची ओळख तिथे होते. मग "रास्ते का काँटा": भर रस्त्यात माणसं पडतात आणि छातीत सापडते ग्रामोफोनची पिन. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही. एक वर्तमानपत्रातली जाहिरात, काही पिना आणि दोन माणसांचं बोलणं. जे ब्योमकेशला दिसतं ते तुम्हालाही दिसतं. वरची कागदाची चाचणी इथे लावून बघाच. चित्र धुरकट आहे, मोठ्या पडद्यावर आणखी धुरकट दिसतं. आवाज मात्र नीट लागतो.

*एक शून्य शून्य*. मुंबई दूरदर्शनची मराठी मालिका, सीआयडी काढणाऱ्या बी. पी. सिंगांचीच, आणि शिवाजी साटम त्यातही पोलीस अधिकारी. सीआयडीचं मूळ इथे आहे. भाग मिळतील तसे बघा, क्रमाची गरज नाही. त्यातलं पोलीस ठाणं खऱ्या ठाण्यासारखं वाटतं, ही तिची मोठी कमाई.

*कोलंबो*, अमेरिकन, पीटर फॉक. इथे खून आणि खुनी सुरुवातीलाच दाखवतात. प्रश्न एवढाच उरतो, की हा गबाळ्या रेनकोटवाला त्याला पकडणार कसा. रहस्य फोडायचं नसल्यामुळे जुळा भाऊ आणायची सोयच नाही. एक भाग सव्वा ते दीड तासाचा. सत्तरच्या दशकातले आधी घ्या. शिव्या नाहीत, रक्त नावापुरतं.

*ब्रॉडचर्च*, पहिला हंगाम, २०१३, ८ भाग. एक खून, एक किनाऱ्यावरचं गाव, दोन अधिकारी. विषय लहान मुलाच्या मृत्यूचा आहे, घरात आधी सांगून ठेवा. पहिल्या हंगामावर थांबलात तरी गोष्ट पूर्ण होते.

एकट्याने:

*दिल्ली क्राइम*, पहिला हंगाम, २०१९, ७ भाग. २०१२ च्या दिल्लीतल्या प्रकरणावर आहे. अत्याचार दाखवलेला नाही, पण त्याचं वर्णन ऐकवत नाही. पथक म्हणून काम कसं चालतं हे बघायला याहून चांगलं हिंदीत सापडणं कठीण: गाडीला डिझेल नाही, ठाण्यात वीज नाही, तरी पाठलाग चालू.

*पाताल लोक*, २०२० चा ९ भागांचा हंगाम आणि २०२५ चा ८ भागांचा, तो नागालँडमध्ये घडतो. हाथीराम हा साधा इन्स्पेक्टर आहे, जयदीप अहलावतने केलेला. शिव्या दर दोन मिनिटांनी. सत्तरीच्या माणसांसमोर चुकूनही नको.

*कोहरा*, २०२३, ६ भाग, पंजाब. बरंच बोलणं पंजाबीत, सबटायटल लावा.

पुरावा_क्र_७:
यादी पटली. एक इशारा: कोणी डेक्स्टर ही अमेरिकन मालिका सुचवली तर चौथ्या हंगामावर थांबायचं. आठ हंगाम, ९६ भाग आहेत, पण जॉन लिथगोने रंगवलेल्या ट्रिनिटी या खुन्यानंतर त्या उंचीवर ती परत गेली नाही, आणि २०१३ चा शेवट बघून अजून लोक शिव्या घालतात. तिचंही दुखणं आपल्या एसीपींसारखंच. मुख्य पात्राला काही होणारच नाही हे एकदा कळलं, की सापळा कितीही मोठा लावा, दार उघडंच असतं.

जुना_खबरी:
ठरलं. शनिवारी "रास्ते का काँटा", रविवारी १११ मिनिटांचा "इन्हेरिटन्स", पुढच्या आठवड्यात ब्रॉडचर्च. कागद-पेन्सिल काढून ठेवली आहे.

रविवार_रात्री:
ब्रॉडचर्चला इंग्रजी सबटायटल पहिल्या मिनिटापासून लावा. डेव्हिड टेनंट त्यात स्कॉटिश ढंगात बोलतो, आणि घरचे "काय म्हणाला?" विचारेपर्यंत पुढचा पुरावा निघून गेलेला असतो.