मार खाऊन आलेल्या बाईला पहिला प्रश्न हुंड्याचाच का?
(सोलापुरातल्या काही जणांची चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पूर्वभागातली
आमच्या गल्लीतल्या एका विडी कामगार बाईला नवऱ्याने लोखंडी पाईपने मारलं. मनगट सुजलेलं, कानामागे रक्त. मी तिला घेऊन पोलिसांकडे गेले. ठाणे अंमलदार उद्धट नव्हते, पाणीसुद्धा दिलं. पण पहिला प्रश्न आला, "माहेरून पैसे आण म्हणतो का?" ती म्हणाली, "नाही, पितो आणि मारतो." "मग हे घरगुती झालं. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतो, उद्या त्याला बोलावून समज देतो." सिव्हिल हॉस्पिटलला दाखवायची यादी, म्हणजे जखमा तपासायला सांगणारं पोलिसांचं पत्र, तीसुद्धा आम्ही मागितली तेव्हा मिळाली.

हेच मनगट नळावरच्या भांडणात शेजाऱ्याने सुजवलं असतं, तर कशाने मारलं, किती जण होते, हे विचारलं असतं. नवऱ्याने मारलं की चौकशी वळते ती तुमच्या संसाराकडे. स्वयंपाक वेळेवर करतेस का, उलटून बोललीस का. मारणारा बाजूला राहतो आणि मार खाणारीची उलटतपासणी सुरू होते. माझा आक्षेप या सवयीला आहे.

बंदोबस्त
माझे वडील पोलीस खात्यातून निवृत्त झाले, म्हणून दुसरी बाजू लिहितो. रात्री गुन्हा घ्यायला लावणारी बाई सकाळी पोराला कडेवर घेऊन येते आणि म्हणते, "साहेब, सोडा त्यांना, घर कोण चालवणार?" हे एकदा नाही, कायम होतं. साधी मारहाण अदखलपात्र आहे, मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय तपाससुद्धा करता येत नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या अर्नेश कुमार निकालानंतर 498अ मध्ये (नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं कलम) सरसकट अटक बंद झाली. कारण नसताना अटक केली तर विभागीय चौकशी आणि कोर्टाचा अवमान. मग ठाण्यातला माणूस जपून वागणार की नाही? याला पक्षपात म्हणणं अन्याय आहे.

जिल्हा कोर्टातून
वकील म्हणून दोन गोष्टी वेगळ्या करते. अर्नेश कुमार निकाल अटकेबद्दल आहे, गुन्हा नोंदवण्याबद्दल नाही. नोंदणीबद्दल सुप्रीम कोर्टाचाच 2013 चा ललिता कुमारी निकाल आहे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर घ्यायचाच. वैवाहिक वादात आधी प्राथमिक चौकशीची मुभा त्यात आहे, पण ती मर्यादित दिवसांची. पोलीस ती मुभा महिनोन्‌महिने ताणतात.

दुसरं, पाईपने मारलं तर ती 'साधी मारहाण' राहतेच असं नाही. घातक साधनाने दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 118 लागू शकतं आणि ते दखलपात्र आहे. आणि जुन्या 498अ च्या जागी 1 जुलै 2024 पासून आलेली 85 आणि 86 ही कलमं वाचा. 'क्रूरते'चे दोन भाग आहेत. हुंड्यासाठी छळ हा त्यातला एक. दुसऱ्यात बाईच्या जिवाला, शरीराला, शारीरिक किंवा मानसिक आरोग्याला धोका होईल अशी वागणूक येते. तिथे पैशाच्या मागणीची अट नाही.

हा दुसरा भाग ठाण्यात कुणी विचारत नाही. मग बाईला कुणीतरी सुचवतं, "दोन लाख मागितले असं लिही, म्हणजे गुन्हा घेतील." ती लिहिते. पुढे उलटतपासात ते दोन लाख कोसळतात, आरोपी सुटतो आणि लोक म्हणतात, बघा, 498अ म्हणजे खोट्या केसेस. मार खरा होता. खोटी मागणी त्या पहिल्या प्रश्नातून जन्माला आली.

शेळगी रोड
वकीलबाई, तुमचं म्हणणं पटतं, पण अर्धंच. माझ्या धाकट्या भावाला बायकोने आणि मेव्हण्याने मिळून मारलं. डोक्याला टाके पडले. ठाण्यात त्याला विचारलं, "बायकोचा मार खाऊन आलास?" तिथल्या दोघांना हसू आवरेना. तो तक्रार न देताच परत आला, नंतर कित्येक दिवस कुणाशी बोलला नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तक्रारदार फक्त बाईच असू शकते. पक्षपात आधी कायद्यात आहे, मग पोलिसांत.

पूर्वभागातली
तुमच्या भावाशी वागले ते संतापजनक आहे. टाके पडलेल्या माणसाला यादी आणि गुन्हा मिळायलाच हवा होता. दुखापतीची कलमं बाई-पुरुष बघत नाहीत. पण बघा, 'बाईने सोसावं' आणि 'पुरुष मार खातो कसा' ही दोन्ही वाक्यं एकाच डोक्यातून निघतात. म्हणून कायदा काढून टाका हे मला मान्य नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रात विवाहित बायकांपैकी साधारण चौथ्या हिश्शाने नवऱ्याची हिंसा सोसल्याचं सांगितलं. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झालेल्या बायकांपैकी कुठेही मदत मागणाऱ्या फक्त सुमारे 14 टक्के, आणि त्यातही बहुतेक जणी माहेरीच सांगतात. पोलिसांपर्यंत पोचणारी बाई फार थोड्यांपैकी एक असते. तिला परत पाठवणं ही लहान गोष्ट नाही.

शेळगी रोड
कायदा काढा असं मी म्हटलंच नाही. पुरुषालाही तक्रारदार धरा, एवढंच म्हणतोय. त्यावर तुम्ही बोलला नाहीत.

विडी घरकुल
"घर कोण चालवणार" वर बोलते. आमच्याकडे बऱ्याच घरांत बाई दिवसभर विड्या वळते, कार्ड तिच्या नावावर, पीएफ तिचा. घर तीच चालवते. ती तक्रार मागे घेते कारण सासू म्हणते, केस केलीस तर या घरात पाऊल ठेवायचं नाही. 2005 च्या कायद्यात घरात राहण्याचा हक्क आहे, घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी कोर्टाच्या आदेशाशिवाय बाहेर काढता येत नाही. कलम 5 प्रमाणे संरक्षण अधिकारी, मोफत वकील, संरक्षण आदेश हे सगळं पोलिसांनीच तिला सांगायचं असतं. माझ्या आईला कुणी सांगितलं नाही. 'उद्या परत येते' म्हणून तिला दोष देता, तिला काय सांगून घरी पाठवलं होतं तेही लिहा.

बंदोबस्त
कलम 5 बद्दल तुमचं बरोबर आहे, ते सांगितलं जात नाही. पण रात्री ठाण्यात असतात मोजकी माणसं, त्यात गड्ड्याच्या यात्रेचा बंदोबस्त, मोर्चे, अपघात. महिला अंमलदार वाढवल्याशिवाय हे सुधारणार नाही.

जिल्हा कोर्टातून
महिला अंमलदार हव्यातच. पण 'जुळवून घे बाई' हे मी महिला अंमलदारांच्या तोंडूनही ऐकलंय. चौकशीचा क्रम बदला. आधी जखम, कशाने मारलं, याआधी कधी, आज रात्री परत घरी जाणं सुरक्षित आहे का. पैशाचं नंतर.

पूर्वभागातली
त्या बाईची एनसी झाली आहे. आता पुढे काय करायचं?

जिल्हा कोर्टातून
सिव्हिलचे कागद जपून ठेवा. पाईपचा, जखमेचा आणि आधीच्या मारहाणीचा तारखेसह लेखी अर्ज द्या. जे घडलं तेवढंच लिहा, मागणी झाली नसेल तर ती लिहू नका. ठाण्यात घेतला नाही तर पोलीस आयुक्तांना टपालाने पाठवा, त्यानंतरही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे मात्र उद्याच जा, त्यासाठी एफआयआरची वाट बघावी लागत नाही.