डॉक्युमेंटेशनमधल्या बारीक चुका दुरुस्त करून पाठवाव्यात का?

हिंजवडी_फेज२
नमस्कार मंडळी. मी क्लाउड सपोर्टला आहे, दिवसभर कुबरनेटीसच्या (अनेक सर्व्हरवर अॅप्स चालवणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) डॉक्युमेंटेशनची पानं उघडी असतात आणि वाचताना बारीकसारीक चुका दिसतात, कुठे एकच शब्द दोनदा पडलाय, कुठे कमांडमध्ये पॉडचं (कुबरनेटीसमध्ये अॅप चालतं त्या युनिटचं) नाव एक आणि खालच्या वाक्यात दुसरंच. दुरुस्त करून पाठवावं असं फार वाटतं, पण टीममधले म्हणतात टायपोच्या पीआरला (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारा म्हणून पाठवलेली विनंती) कोणी विचारत नाही, उलट रिव्ह्यूवाल्यांच्या डोक्याला ताप. त्यात माझी शाळा मराठी माध्यमाची, मी कोण त्यांचं इंग्रजी सुधारणारा असं पण वाटतं. पाठवू का? आणि दर चुकीला वेगळा पीआर करायचा का?

कर्वेनगर_यॅमल
पाठवा हो, बिनधास्त पाठवा. बारीक चूक बारीकच असते असं नाही. मेमरीचंच बघा, ४०० च्या पुढे स्मॉल एम लिहिला तर कुबरनेटीस तो मिली (हजारावा भाग) धरतं, म्हणजे तुम्ही मागितली ०.४ बाइट! हवे असतात ४०० मेगाबाइट, त्याला कॅपिटल एम लागतो, मेबीबाइट (१०२४ च्या पटीतले) हवे असतील तर कॅपिटल एमपुढे स्मॉल आय. आणि सीपीयूला मात्र स्मॉल एमच बरोबर, ५०० एम म्हणजे अर्धा सीपीयू, त्यामुळे एका ठिकाणी चूक सापडली म्हणून सगळीकडे फाइंड-रिप्लेस मारलंत तर चांगलं पान बिघडेल. नवीन माणूस उदाहरण जसंच्या तसं कॉपी करतो, तिथलं एक अक्षर चुकलं तर त्याची अख्खी संध्याकाळ जाते. असली चूक दिसली की थांबूच नका.

माध्यमाचं म्हणाल तर त्यांच्या स्टाइल गाइडमध्येच आहे की वाक्प्रचार टाळा, लॅटिन शब्द टाळा, सोपं लिहा. ही पानं जगभरचे लोक वाचतात, इंग्रजी ज्यांची घरची भाषा नाही असे कितीतरी. तुम्ही जिथे अडखळता तिथे तेही अडखळतात, आणि इंग्रजीत वाढलेला माणूस तिथून सुसाट पुढे निघून जातो, त्याला ते दिसतच नाही.

सदाशिव_मर्ज
वरच्याशी सहमत, पण तुमच्या टीमचं म्हणणं अगदीच चूक नाही. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टला (ऑक्टोबरमध्ये ओपन सोर्सला पीआर पाठवायचा उपक्रम) टीशर्टसाठी लोकांनी रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये) एखादा शब्द घुसडून इतके फालतू पीआर टाकले की आयोजकांना महिना सुरू असतानाच नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टची तयारी असेल त्यांचेच पीआर मोजायचे असं झालं. तेव्हापासून एका शब्दाचा पीआर दिसला की मेंटेनरच्या (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याच्या) कपाळाला आठी पडते, आणि ती समजण्यासारखी आहे, कारण एक स्वल्पविराम बदलला तरी कुणीतरी माणूस तो उघडून वाचतो, प्रीव्ह्यू बघतो, मग एलजीटीएम (‘लुक्स गुड टू मी’, म्हणजे ठीक वाटतंय) आणि अप्रूव्ह होतं, हे सगळं बऱ्याचदा नोकरी सांभाळून.

म्हणून कुबरनेटीसच्या कॉन्ट्रिब्युटर गाइडमध्ये स्पष्ट लिहिलंय, एक टायपो दिसला तर तेवढाच पाठवू नका, पूर्ण फाइल वाचा, अजून सापडतील. एका पानाचं सगळं एका पीआरमध्ये द्या, आणि काय का बदललं ते दोन ओळीत लिहा. दहा पानांचं एकत्र गाठोडं मात्र नको, कुठेतरी एका ओळीवर वाद होतो आणि बाकीचं सगळं लटकतं. आणि मला हे वाक्य असं आवडलं असतं म्हणून बदल करू नका, अर्थ नीट पोचत असेल तर ते वाक्य राहू द्या.

बाणेर_पाषाण_लिंक
एक महत्त्वाची गोष्ट कोणी बोललं नाही. पहिल्या पीआरला सीएलए (आपलं योगदान प्रोजेक्टला वापरू देण्याचा करार) सही करावा लागतो, त्याशिवाय बदल मर्ज होत नाही, म्हणजे मूळ मजकुरात घेतला जात नाही. स्वतःच्या नावाने करायचा की कंपनीच्या, हे आधी बघा, आपल्याकडच्या बऱ्याच ऑफर लेटरमध्ये नोकरीत असताना लिहिलेलं सगळं कंपनीचं असं कलम असतं. मॅनेजरला मेल टाका आणि लेखी होकार घ्या, चहाच्या टपरीवर हो म्हणाले एवढ्यावर जाऊ नका.

हिंजवडी_फेज२
खूप आभार सगळ्यांचे, सीएलएचं खरंच डोक्यात नव्हतं, उद्याच मेल करतो. अजून एक, क्यूबसीटीएलच्या (कुबरनेटीसला कमांड द्यायचं टूल) कमांड रेफरन्सच्या पानावर पण एक वाक्य अर्धवट आहे, तेही त्याच पीआरमध्ये घालू का?

सदाशिव_मर्ज
नाही, ते वेगळं. ती रेफरन्सची पानं हाताने लिहिलेली नसतात, मूळ सोर्स कोडमधल्या मजकुरावरून तयार होतात. वेबसाइटच्या रेपोत (फाइल्स ठेवलेल्या साठ्यात) दुरुस्त केलंत तर पुढच्या वेळी पानं नव्याने बनली की तुमचा बदल पुसला जाणार. ते वाक्य मुख्य कुबरनेटीस रेपोत शोधा आणि पीआर तिकडे टाका. तिथला रिव्ह्यू जास्त वेळ घेतो, टेस्ट पण चालतात, त्यामुळे पहिला पीआर साध्या पानाचाच करा.

कर्वेनगर_यॅमल
आणि पुढेमागे ओपनस्टॅकच्या (क्लाउड उभारायचं दुसरं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) डॉक्युमेंटेशनला हात लावलात तर तिथे गिटहबवर पीआर टाकू नका, गिटहबवर नुसती कॉपी असते, खरा रिव्ह्यू गेरिटवर (कोड तपासायच्या दुसऱ्या साइटवर) होतो. पीआर लिंक इथे टाका, पाठवायच्या आधी मी एकदा नजर टाकतो.