‘विसर्ग’, ‘बहर’ आणि ‘लाल भरती’ : नेमके शब्द कोणते?

खाडीकाठ :
एका विज्ञानलेखाचा अनुवाद करताना अडलो आहे. नद्यांतून येणारे पाणी आणि सागरी प्रवाह यांमुळे किनाऱ्यालगतच्या समुद्रात सूक्ष्म शैवले एकाएकी बेसुमार का वाढतात, हा लेखाचा विषय आहे. अशा वाढीला इंग्रजीत ‘रेड टाइड’ म्हणतात; त्यासाठी सहकाऱ्याने सुचवलेली ‘लाल भरती’ संपादकांनी नाकारली. या घटनेचा भरतीशी संबंध नाही आणि पाण्याचा रंग हिरवा किंवा तपकिरीही असतो, हे त्यांचे कारण मला पटते. ‘रिव्हर डिस्चार्ज’साठी ‘नदीचा विसर्ग’ आणि ‘अल्गल ब्लूम’साठी ‘शैवाल-बहर’ मात्र त्यांना मान्य आहेत. मला त्यांतला ‘विसर्ग’ खटकतो. जाणकारांनी मत द्यावे.

पाणवठा :
खटकण्याजोगे काही नाही. पावसाळ्यात ‘धरणातून इतक्या क्युसेकने विसर्ग’ हे आपण रोज वाचतो. रुळलेला शब्द टाकून नवा घडवण्याचा सोस मराठीने आता सोडावा.

खाडीकाठ :
अडचण तीच आहे. विसर्ग कोणीतरी दरवाजे उघडून करतो. जुलैत दुथडी भरलेली सावित्री समुद्राला मिळते, तेव्हा विसर्ग करणारा कोण?

वाशिष्ठीतीर :
आमच्या चिपळूणच्या वाशिष्ठी नदीला दोन्ही लागू पडते, सोडलेले पाणीही आणि आपोआप वाहणारेही. कोयनेचे पाणी मूळचे कृष्णेचे, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे जाणारे. वीजनिर्मितीनंतर ते पोफळीकडून वाशिष्ठीत येते, म्हणून भर मे महिन्यातही नदी वाहती असते. पाणी असे पश्चिमेला वळवण्यासाठी कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. हा खरा विसर्ग. जून ते सप्टेंबर डोंगरउतारावरची माती, शेतातले खत आणि गावाचे सांडपाणी घेऊन जे खाडीत उतरते, ते नदीचे स्वतःचे वाहणे आहे. लेखात हा भेद राखलाच पाहिजे, कारण शैवलांना पोसणारे नत्र आणि स्फुरद मुख्यतः या दुसऱ्या पाण्याबरोबर येते.

प्लवक :
भेद योग्य आहे, पण केवळ नदीकडे बोट दाखवून चालणार नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खोलवरचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पण प्राणवायू कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे वर सरकते. त्याच वेळी पाऊस आणि नद्या समुद्रावर कमी खारट पाण्याचा पाच-दहा मीटर जाडीचा थर पसरवतात. हा हलका थर झाकणासारखा बसतो, त्यामुळे खालच्या पाण्यात वरून प्राणवायू मिसळत नाही आणि वर वाढलेली शैवले मरून खाली बसली, की कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवतात. नदीच्या अगदी तोंडाशी गाळामुळे प्रकाश शिरत नाही. वाढ बहुधा गाळ बसल्यावर, थोडे पुढे होते. हे सारे एका ‘विसर्गा’त कसे मावणार?

निवडुंग :
मला ‘बहर’वरच आक्षेप आहे. एक तर तो फारसी ‘बहार’वरून आलेला, आणि त्यातून बहर ही हवीहवीशी गोष्ट. ज्याने मासे गुदमरतात त्याला बहर म्हणणे हा भाषेचा अपमान आहे. ‘शैवलोद्रेक’ म्हणावे.

पाणवठा :
फारसी म्हणून शब्द टाकायचे ठरवले, तर ‘किनारा’ही टाकावा लागेल. शिवाय डाळिंबवाल्या शेतकऱ्याला विचारा. मृग बहर, हस्त बहर, आंबे बहर हे आपोआप येण्याची वाट कोणी पाहत नाही. झाडाला ताण द्यायचा, मग खत आणि पाणी द्यायचे, आणि बहर धरायचा. समुद्रातही पोषकद्रव्ये, उजेड आणि स्थिर पाणी यांचा मेळ बसल्यावरच वाढ होते. याहून समर्पक शब्द मला दिसत नाही.

प्लवक :
‘बहर’ मला चालेल, ‘शैवाल’ प्रत्येक वेळी चालणार नाही. रात्री कोकणच्या लाटा निळ्या उजळवणारा नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीव घ्या. त्याचा लाल प्रकार स्वतः अन्न तयार करत नाही, तो डायटमसारखी शैवले गिळतो. हिरव्या प्रकाराच्या पोटात मात्र शैवले जिवंत राहतात. उन्हाळ्यात शांत समुद्रावर भुशासारखे तपकिरी पट्टे दिसतात, ते ट्रायकोडेस्मियमचे. ते जीवाणूंत मोडते आणि हवेतले नत्र स्वतः बांधून घेते, म्हणजे नत्रासाठी ते नदीवर अवलंबून नाही. वारा आणि प्रवाह ते पट्टे गोळा करून किनाऱ्याला लावतात. फ्लॉरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा कॅरेनिया ब्रेव्हिस या सूक्ष्म शैवलाचा बहरही दूर समुद्रात सुरू होतो आणि प्रवाहाबरोबर किनाऱ्याला येतो. म्हणून ‘प्लवक-बहर’ म्हणावे; प्लवक म्हणजे पाण्यात तरंगत प्रवाहाबरोबर वाहणारे जीव.

निवडुंग :
‘प्लवक’ सामान्य वाचकाला कळणार नाही.

वाशिष्ठीतीर :
एकदा समजावून सांगितले की कळेल. ‘क्युसेक’ तरी कुठे कळत होते? आणि ‘लाल भरती’ नाकारताना भरतीचा संबंध पुरता तोडू नये. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, खाडीतले पाणी फारसे ढवळले जात नाही, म्हणून वरचा हलका थर टिकतो. उधाणाला तो मोडतो.

खाडीकाठ :
सर्वांचे आभार. तूर्त ‘विसर्ग’ काढून ‘नदीतून समुद्रात येणारे गोडे पाणी’ असे लिहितो. ‘बहर’ आणि ‘उद्रेक’ यांचा निर्णय संपादकांवर सोडतो.

वाशिष्ठीतीर :
‘गोडे’ लिहू नका. समुद्राला मिळेपर्यंत त्यात खाडीचे खारे पाणी मिसळलेले असते. वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळपाशी ते मचूळ असते, आणि आमच्याकडे त्याला मचूळच म्हणतात.